क्लचचा पाय

बाबा अनवाणी गाडी चालवत. त्यांचे वडील रत्नागिरीकडच्या एका खाडीत मचव्यावर तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, होते, आणि होडीवर चप्पल घालून चढायचं नाही हा आमच्या घरातला कायदा होता. होडी गेली, खाडी मागे राहिली, बाबा बहरीनला येऊन कंपनीचे लांबलचक ट्रेलर हाकू लागले, पण कायदा तेवढा बोटीतून बरोबर आला. दार उघडायचं, चप्पल काढून सीटखाली सारायची, ‘बिस्मिल्ला’ म्हणायचं आणि मग चढायचं. मी लहान असताना सँडलसकट आत चढले तर ते मला तसंच उचलून पुन्हा खाली ठेवत. अम्मी म्हणायची, “लोकांची माणसं मशिदीत चपला काढतात, आमचं माणूस डिझेलच्या गाडीत.” बाबांना हे ऐकून राग येत नसे, उलट बरंच वाटे. ज्या घरात नवऱ्याला चिडवता येतं ते घर ठीक चाललंय असं समजावं, असं माझं अजूनही मत आहे.

आम्ही नईम नावाच्या मोहल्ल्यात एका शिंप्याच्या दुकानावर राहायचो. सकाळी खालून शिलाई मशीनचा आवाज, वर आमच्या खिडकीतल्या एसीची घरघर, आणि त्या दोन्हीवर मात करणारा अम्मीचा वरवंटा. घरात मिक्सर होता, पण खोबऱ्याचं वाटण त्यात केलं की ‘कालवण रडतं’ असं तिचं म्हणणं होतं. पाटा तिने गावाहून आणवला होता. विमानतळावरच्या माणसाने तो बघून विचारलं होतं की हे काय आहे, आणि बाबांनी शांतपणे सांगितलं होतं, “माय वाइफ’स मशीन.” तिच्या हातचं सुरमईचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या खायला हूऱ्यातून, सनाबिसमधून, अशा दुसऱ्या वस्त्यांतून माणसं येत. त्यांतच एक बू जासिम होता. बू जासिम म्हणजे जासिमचा बाप. आम्हाला त्याचं खरं नाव कधी लागलंच नाही. बहरीनी माणूस, पोट मोठं, हसणं त्याहून मोठं, आणि बोलायला लागला की अरबी, हिंदी, इंग्रजी अशी तिन्ही भांडी एकदम खाली पडत.

मी एकोणीस वर्षांची होते. हूऱ्यात एका ऑफिसात टायपिंग करायचे आणि नुकतंच लायसन काढलं होतं, तेही ऑटोमॅटिक गाडीचं. बाबांनी ते लायसन हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, “ह्या लायसन अर्धाच हाय.” त्याच सुमाराला कंपनीने बाबांना वय झालं म्हणून मोकळं केलं. व्हिसा कंपनीचा, म्हणजे घरच कंपनीच्या खुंटीला टांगलेलं. आम्ही सामान बांधायला घेणार, तेवढ्यात बू जासिम आला. परत जाणाऱ्या एका अमेरिकनाकडून त्याने चाकांवरचं एक अख्खं घर विकत घेतलं होतं. थंडीत बहरीनी लोक वाळवंटात तंबू ठोकून राहायला जातात. त्या घरात स्वयंपाकघर थाटून सखीरच्या वाळवंटात तळ टाकायचा, अम्मीने तंबूवाल्यांसाठी रांधायचं, बाबांनी घर ओढून न्यायचं आणि आणायचं. व्हिसा त्याच्या नावावर. त्या कागदावर बाबांच्या नावापुढे धंदा लिहिला होता ड्रायव्हर. अम्मीच्या आणि माझ्या राहण्याचा सगळा भार त्या एका शब्दावर होता.

ते ट्रेलर आम्ही पहिल्यांदा सलमाबादच्या एका यार्डात पाहिलं. नेहमीच्या ट्रेलरचं नाक गाडीच्या मागच्या हुकात अडकतं. ह्याची मान उंच होती आणि ती पिकअपच्या हौद्यात, बरोबर मागच्या चाकांच्या वर येऊन एका जाड लोखंडी ताटात बसायची. त्याला फिफ्थ व्हील म्हणतात. बाबा त्याच्याभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले की हुकातला बोजा गाडीची शेपटी धरून ओढतो, हा बोजा खांद्यावर बसतो, म्हणून गाडी नुसती ओढणारी नको, उचलणारी पाहिजे. अम्मीने यार्डातल्या पिकअपकडे पाहिलं, मग ट्रेलरकडे पाहिलं. “नाकापेक्षा मोती जड,” ती म्हणाली, आणि आपल्याला हवी तेवढी ओट्याची जागा आत आहे का ते बघायला आत शिरली.

यार्डवाल्याकडे आम्हाला चालण्याजोग्या दोन पिकअप होत्या. दोन्ही अमेरिकन, दोन्हींना मागे जोडचाकं. लाल होती ती मॅन्युअल, पाय रोवून उभ्या राहणाऱ्या बैलासारखी दिसायची. पांढरी ऑटोमॅटिक. आमच्या घरात त्या दोन पिकअपवरून जेवढी भांडणं झाली तेवढी माझ्या लग्नावरूनही पुढे झाली नाहीत. बू जासिमचं म्हणणं, वाळूत एवढा बोजा जागेवरून हलवताना क्लच जळतो. ऑटोमॅटिक हळूच उचलते. बाबांचं म्हणणं, ऑटोमॅटिकच्या गिअरबॉक्सचं तेल तापलं की खलास, आणि उतारावर मागून ट्रेलर ढकलायला लागलं की गिअर आपल्या हातात असलेला बरा. दोघांचंही खरं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त एवढं दिसत होतं की बाबा हा वाद गरजेपेक्षा जास्त जोरात घालतायत. “ऑटोमॅटिक म्हणजे दुसऱ्याच्या तोंडान जेवना,” ते म्हणाले. अम्मी भाकरी थापत होती. तिने मान वर न करता, कोपराने माझ्याकडे दाखवत म्हटलं, “पांढरी घ्या. शमीमला पण चालवता येईल.” बाबांनी ताट सरकवलं. “ड्रायव्हर मी हाय,” ते म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

अम्मीला काहीतरी ठाऊक होतं. निदान वास तरी आला होता. त्याआधीच्या आठवड्यात बाबा मशिदीतून एकच चप्पल घालून घरी आले होते. उजव्या पायात चप्पल, डावा उघडा, आणि तसेच जिना चढून वर. अम्मीने विचारलं तेव्हा त्यांनी खाली पाहिलं, आणि मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते म्हणून सांगते, ते दचकले. मग म्हणाले, चोरली कुणीतरी. “चोरसुद्धा जोड नेतो,” अम्मी म्हणाली. त्यावर बाबा हसले नाहीत. चप्पल मला जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मिळाली. ती पायातून निसटली आणि पायाला पत्ता लागला नाही, असा अर्थ मला लावता आला नाही. साखरेचा आजार आमच्याकडे चहा कमी गोड करण्यापुरता होता. डॉक्टरकडे ते कंपनीच्या वेळी जात, कंपनी सुटली तसे डॉक्टरही सुटले. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि व्हिसा हातात असेपर्यंत ती उघडायची नाही, हे त्यांनी एकट्याने ठरवलं होतं.

एका शुक्रवारी सकाळी लाल पिकअपची परीक्षा ठरली. थंडी अजून लांब होती, ऊन असं की यार्डातल्या पत्र्यांकडे बघवत नव्हतं. बू जासिमने ट्रेलर भरूनच न्यायचं असा हट्ट धरला, आणि ते शहाणपणाचं होतं. पाण्याची टाकी काठोकाठ भरली, गॅसची सिलिंडरं चढवली, तांदळाची पोती टाकली. पिकअप मागून खाली बसली. बाबा चप्पल काढून चढले, मी शेजारी बसले, आणि बू जासिम आपल्या गाडीतून मागे निघाला. गाडी सेकंडहँड, तळाची मॅट कुणीतरी काढून नेलेली, नुसता पत्रा. थोडं अंतर गेल्यावर माझ्या सँडलच्या तळव्यातून धग लागायला लागली. खालून सायलेन्सरचा पाइप जात होता आणि एवढा बोजा ओढताना तो तापून निघाला होता. मी पाय उचलून सीटवर घेतले. बाबांनी एका हाताने खिडकीतलं फडकं ओढून त्याची घडी केली आणि उजव्या टाचेखाली सारली. “भट्टी हाय,” ते म्हणाले. डावा पाय तसाच पत्र्यावर टेकलेला होता. मी ते पाहिलं. आपला बाप कणखर आहे, एवढंच माझ्या मनात आलं.

पुढे फ्लायओव्हरच्या चढावर सिग्नल लागला. आमच्या पुढे एक बस, मागे बू जासिम, आणि मधे आम्ही तिरके, ते घर पाठीवर घेऊन. हिरवा झाला. बस निघाली. बाबांनी मान खाली घातली आणि स्वतःच्या पायाकडे पाहिलं. तीस वर्षं ट्रेलर चालवलेला माणूस क्लच कुठे आहे ते डोळ्यांनी शोधत होता. पाय वर गेला, पेडलच्या कडेवर पडला, घसरला. गाडीने एक हिसका दिला, इंजिन बंद पडलं आणि आम्ही मागे सरकायला लागलो. मागून बू जासिमचा हॉर्न सुरू झाला, तो थांबेचना. ट्रेलरच्या मानेत लोखंडावर लोखंड आपटलं. माझा हात कशाला तरी धरायला गेला आणि हवेतच राहिला. बाबांनी उजव्या पायाने ब्रेक असा दाबला की ते सीटवरून उठले, तेव्हा कुठे आम्ही थांबलो. आतली सगळी भांडी एका बाजूला गेल्याचा आवाज आला. बाबांनी पुन्हा इंजिन सुरू केलं, पुन्हा खाली बघत पाय क्लचवर ठेवला, आणि खाली बघतच गाडी उचलली. “बाबा, समोर बघा!” मी किंचाळले. “बघतोय,” ते म्हणाले. ते बघत नव्हते. पुलाचा कठडा माझ्या बाजूने सरकत जवळ येत होता आणि मी तो बघत होते. भीती म्हणजे काय ते मला त्या चढावर कळलं, आणि ती अपघाताची नव्हती. शेजारच्या सीटवर बसलेला माणूस आपला बाप नसून दुसरंच कोणीतरी आहे, असं मला वाटलं, आणि त्याची भीती वाटली.

यार्डात परत आलो तेव्हा बाबा हसत उतरले. मला ते हसू अजून आठवतं, कारण त्यात सगळे दात होते आणि डोळे नव्हते. बू जासिम घाम पुसत आला. चढावर काय झालं, त्याने विचारलं. “कुछ नहीं. नया क्लच है, हाथ बैठना चाहिए,” बाबा म्हणाले. “गाडी फर्स्ट क्लास. यही लेंगे.” ते लाल पिकअपच्या बॉनेटवर थाप मारत बोलत होते, इंजिनाची तारीफ करत होते, आणि यार्डाच्या सिमेंटवर ते जिथून चालत आले तिथे डाव्या पावलाचे ओले ठसे उमटले होते. मला वाटलं पाणी. वरची टाकी गळतेय म्हणून मी खाली वाकले, आणि ते पाणी नव्हतं. बाबांच्या डाव्या तळव्याची कातडी भाजून सुटली होती, फोड फुटला होता, आणि त्या उघड्या मांसावर ते तापलेल्या सिमेंटवर उभे राहून गिअरबॉक्सबद्दल बोलत होते.

“बाबा, पाय,” मी म्हटलं.

“काय झाला पायाला?”

“दुखत नाही?”

त्यांनी पाय उचलून तळवा बघितला. खूप वेळ बघितला. बू जासिमनेही बघितला. मग त्याने बाबांना खांद्याला धरून आपल्या गाडीत बसवलं. बाबा बसले, त्या गाडीतसुद्धा चपला हातात घेऊन.

डॉक्टरांनी त्यांना चांगलं झापलं. साखर पायांच्या नसांत उतरलीय, डाव्यात जास्त. अनवाणी एक पाऊलही नाही. क्लचची गाडी विसरा. घरी आल्यावर अम्मीने पट्टी बघितली. तिने पेज केली, भरवली, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडली. नळाच्या आवाजात रडणं लपतं, असं तिला वाटत असे. दुसऱ्या दिवशी तिने बू जासिमला घरी बोलावून समोर बसवलं, सुरमईचा मोठा तुकडा वाढला आणि सरळ सांगितलं की ह्यांचा पाय गेला, आता व्हिसाचं काय ते बोला. बाबा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. बू जासिम जेवला, बोटं चाटली, आणि म्हणाला, “पहला कॅम्प देखेंगे. इंशाल्ला.” आखातात राहिलेल्या कुणालाही विचारा, इंशाल्लाचे दोन अर्थ असतात, एक हो आणि एक नाही, आणि कुठला ते म्हणणाऱ्याच्या डोळ्यांत बघावं लागतं. बू जासिमचे डोळे ताटाकडे होते.

पांढरी पिकअप घेतली. बाबांनी त्यासाठी हो म्हटलं नाही. एका सकाळी पट्टी बांधलेला पाय उशीवर ठेवून ते एवढंच म्हणाले, “तेलाचा कूलर मोठा बसवून घ्या. नायतर गिअरबॉक्स वाळूत उकळंल.” मग त्यांना राहवेना. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे मोकळ्या रस्त्याचा वरचा गिअर, बंद ठेवायचं. उतारावर खालचा गिअर धरायचा, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. मागे घेताना स्टिअरिंग खालच्या बाजूला धर, म्हणजे हात जिकडे जाईल तिकडे ट्रेलरची शेपटी जाईल. मी ऑफिसातून आले की ते मला ताट फिरवायला लावून शिकवत, भातासकट. आता माझा मुलगा गाडीतलं एक बटण दाबतो आणि ट्रेलर कुठे वळायचा ते गाडीच बघून घेते. मी त्याला हे सगळं मराठीत सांगायला लागले की तो इंग्रजीत म्हणतो, “ममा, नोबडी ड्राइव्ज स्टिक एनीमोअर.” माझंही लायसन आजपर्यंत अर्धंच राहिलं.

थंडी पडली आणि पहिल्या कॅम्पचा दिवस आला. डॉक्टरांनी बाबांना बंद बूट दिले होते, आतल्या पट्टीसाठी दोन नंबर मोठे. पिकअपच्या दारापाशी ते बुटांत उभे राहिले, बराच वेळ. मग ‘बिस्मिल्ला’ म्हणून माझ्या शेजारच्या सीटवर चढले. अम्मी मागे, मांडीवर मसाल्याचा डबा. आम्ही नईममधून सखीरकडे निघालो. गाडीने गिअर बदलला की बाबांचा डावा बूट पुढे जाऊन रिकाम्या जागेत दाबला जाई. त्याच चढावर पुन्हा सिग्नल लागला आणि माझे तळहात स्टिअरिंगला चिकटले. हिरवा झाला, मी पाय उचलला, आणि पांढरीने ते घर पाठीवर घेऊन एकही हिसका न देता उचललं. मी बाबांकडे पाहिलं नाही. धीर झाला नाही.

तळावर बू जासिम आधीच येऊन उभा होता. जागा दोन तंबूंच्या मधली, दोन्हीकडे दोर ताणलेले, आणि ट्रेलर मागे घेत तिथे बसवायचा होता. वाळू मऊ, वारा सुटलेला. बाबा उतरले आणि माझ्या बाजूला, मला आरशात दिसतील असे मागे जाऊन उभे राहिले. “ये, ये, ये,” ते हात हलवू लागले. मी हात खाली धरून इंचाइंचाने मागे येत होते. शेपटी वळली. त्यांची नजर पलीकडच्या तंबूच्या दोरावर होती. “ये गो, जागा हाय!” आणि मला आरशात दिसलं की ट्रेलरचं चाक त्यांच्या डाव्या बुटाशी आलंय. मग बुटावर आलंय. बाबा हात हलवतच होते. “ये!”

मी ब्रेक दाबला.

“थांबलीस कशाला?” ते ओरडले.

“बाबा, पाय!”

“काय पाय?”

“खाली बघा!”

त्यांनी खाली बघितलं. बुटाचं टोक टायरखाली होतं. मी गाडी पुढे घेतली, दार उघडून धावत गेले, वाळूत बसून बूट ओढून काढला. पट्टी कोरडी होती. बूट मोठा होता म्हणून बोटं मागे राहिली होती, नुसतं चामडं चेपलं होतं. अम्मी दारात उभी होती, डबा छातीशी धरून. बू जासिमही येऊन उभा राहिला होता आणि सगळं बघत होता. आता हा व्हिसाचं काय बोलेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी काहीतरी सांगून सावरणार होते, वाळू, वारा, आरसा, काहीही.

बाबांनी मला बोलू दिलं नाही. “डावा गेलाच हाय,” ते म्हणाले. बू जासिमच्या समोर, मोठ्याने. “उजवा पण जातोय, माला ठाऊक हाय. माला समजत नाय गो. तू बघत जा.”

बू जासिमला आमची भाषा येत नव्हती, पण सगळं कळलं होतं. त्याने बाबांचं कोपर धरलं आणि त्यांना दोरापासून दूर, उंचवट्यावर नेऊन उभं केलं. “इदर खड़ा रहो, हसन. ये चलाएगी, तुम बोलेगा. पूरा सीझन. खलास.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “यल्ला, चलो, लोग भूका है.”

मी पुन्हा गाडीत बसले आणि आरसा खाली वळवला, बाबांचे दोन्ही पाय दिसतील इतका. मग मागे यायला लागले.